बिनबाठ्याचा आंबा

“यातलं एक अक्षर तुम्हाला खरं वाटणार नाही. तेव्हा ते यंत्र बंद केलंत तरी चालेल,” मी म्हणालो.

नाबरबाईंनी बंद केलं नाही. उलट मोबाइल माझ्या बाजूला आणखी चार बोटं सरकवला. बाई आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. वय तिशीच्या आत, आणि कॉलेजच्या हीरकमहोत्सवी स्मरणिकेचं ओझं डोक्यावर. “वालावलकर सरांच्या बिनबाठ्याच्या आंब्यासाठी आठ पानं राखून ठेवलीत, अण्णा,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी हजर असलेले आता तुम्ही दोघंच उरलात.”

दोघं म्हणजे एक मी, शंभू आरोलकर, पस्तीस वर्षं तिथला प्रयोगशाळा सहायक. आणि दुसरा पडवीच्या पायरीवर बसून सुपारी कातरत असलेला भिवा पाष्टे, कॉलेजचा माळी. दोघंही आता पेन्शनीत. आमच्या मधे त्याने आणलेली आंब्यांची टोपली. गेली पन्नास वर्षं दर मे महिन्यात तो ही टोपली आणतो आणि न बोलता माझ्या पडवीत ठेवतो. का, ते पुढे येईलच. मी स्वतः आंब्याचा तसा शौकीन नाही. पण समोरच्याचं मन मोडवत नाही, म्हणून दुसरा आंबा हातात घेतला आणि सुरुवात केली.

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साल. सहा मे, दुपारचे अडीच. वालावलकर सरांची किंकाळी कॉलेजच्या पत्र्यावरून थेट खाडीपलीकडे गेली. पलीकडचे कोळी होड्या घेऊन मदतीला निघाले होते म्हणतात. मी ऐकलेलं सांगतोय, हो.

मी धावत गेलो. सर कलमाखाली उभे, हातात मलमलीची रिकामी पिशवी.

“शंभू, गेला रे! माझा वालावल-एक गेला!”

वालावल-एक म्हणजे आंबा. एकच. सरांनी नऊ वर्षं खपून तयार केलेल्या कलमाला धरलेलं पहिलं आणि एकमेव फळ. सरांचा दावा असा की या आंब्यात बाठा नाही. आतून सगळा गर, सुरीने वड्या पाडाव्यात. आठ तारखेला विद्यापीठाची समिती यायची होती, आपल्या कॉलेजला एम.एस्सी.चं केंद्र द्यायचं की नाही ते ठरवायला. समितीसमोर तो आंबा चांदीच्या ताटात मधोमध कापायचा, सुरी आरपार जायची आणि समितीने तोंडात बोटं घालायची, असा सगळा बेत.

“कापून बघितला नव्हता ना कोणी आधी?” नाबरबाईंनी विचारलं.

एकच तर होता, बाई. कापला असता तर दाखवला काय असता?

तर आंबा गायब. पाच मिनिटांत सालं सापडली. पाच सालं, आणि तीही भिवाच्या खोपटाच्या दारात. हा भिवा तेव्हा कॉलेजच्या आवारातच राहायचा, आंब्याची राखणही त्याच्याकडेच. नऊ वर्षं रोजंदारीवर. त्याला कायम करायची ऑर्डर टाइप होऊन प्राचार्यांच्या टेबलावर पडली होती. समिती गेली की सही. सही झाली तर पगार, पेन्शन, पक्की खोली. नाही झाली तर खोपटासकट बाहेर. बायकोचे दिवस भरत आलेले. काय रे भिवा?

“नववो म्हयनो,” भिवा सुपारीवरची नजर न काढता म्हणाला.

प्राचार्य भडकमकर धापा टाकत आले. एकशे बारा किलोचा माणूस, चार पावलं टाकली की दोन थांबायचे. त्यांनी सालं बघितली, भिवाकडे बघितलं आणि म्हणाले, “सामान बांध.”

“सायबानु, मी हंय नव्हतंय,” भिवा म्हणाला. “वालावलकर सरांनी माका त्यांच्या घराक धाडलेलो. छत्री आणूक.”

सगळ्यांनी वालावलकर सरांकडे बघितलं. सर पिशवीकडे बघत राहिले. नऊ वर्षांच्या संशोधनावरचा पहारा आपणच छत्रीसाठी उठवला, हे चारचौघांत कबूल करायचं म्हणजे अवघडच.

“मला तसं काही आठवत नाही,” सर म्हणाले.

भिवाच्या काखेत छत्री होती. पण ती कुणाच्या संशोधनाचा विषय नव्हती.

तेव्हा मी पुढे झालो. आता तुम्ही म्हणाल, अण्णा बढाई मारतात. मारतोच. मी म्हणालो, “सर, हे विज्ञान महाविद्यालय आहे. पुराव्यावाचून माणूस काढला असं समितीच्या कानावर गेलं, तर ते काय म्हणतील? चार विभाग आहेत. लाखाची उपकरणं आहेत. तपास होऊ दे.”

प्राचार्यांना समितीची भीती वाटली. त्यांनी आठ तारखेच्या सकाळपर्यंत मुदत दिली. आणि आमच्या कॉलेजात, बाई, त्या दोन दिवसांत जेवढं विज्ञान झालं तेवढं त्याआधीच्या दहा वर्षांत झालं नव्हतं.

पहिला मान पदार्थविज्ञानाचा. प्राध्यापक सामंत गुडघ्यांवर बसले आणि कलमाखालचा एक ठसा निवडून त्याची खोली मोजू लागले. ठसा जेवढा खोल तेवढा माणूस जड, हे त्यांचं सूत्र. तासभर गणित केलं. मी पट्टी धरून उभा. शेवटी चष्मा पुसत उठले.

“चोराचं वजन एकशे बारा किलो,” ते म्हणाले.

प्राचार्य रोज सकाळी आंबा बघायला कलमाखाली येत, हे सगळ्यांना माहीत. प्राचार्यांनी नुसती भुवई वर केली.

“अर्थात,” सामंत घाईघाईने म्हणाले, “प्रयोगात साठ टक्के त्रुटी गृहीत धरावी लागते.” तिथेच उभ्या उभ्या त्यांनी त्रुटी वजा केली. उरले पंचेचाळीस किलो. कॉलेजात पंचेचाळीस किलोचा एकच माणूस होता, रसायनशास्त्राचे टिकेकर. आणि टिकेकर आणि सामंत यांचं छताच्या एका पंख्यावरून सहा वर्षं बोलणं बंद होतं, हा निव्वळ योगायोग.

टिकेकर सर पांढरे पडले. पण रसायनशास्त्र काय असं गप्प बसणार? “पायांचं काय घेऊन बसलात?” ते गरजले. “चोरी हातांनी होते! शंभू, बेनेडिक्टचं द्रावण काढ!”

बेनेडिक्टचं द्रावण निळं असतं. त्यात साखरेचा अंश असलेलं पाणी घालून तापवलं की विटकरी होतं. सरांची युक्ती अशी की प्रत्येकाने चंचुपात्रात हात धुवायचे, ते पाणी परीक्षानळीत घालून तापवायचं, आणि ज्याची नळी विटकरी तो चोर. प्राचार्यांपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांनी हात धुतले. भिवानेही धुतले, आणि मला विचारतो कसा...

“हात धुतलंय. आता वाढतल्यात काय?” भिवाने वाक्य पुरं केलं.

बरोबर, हेच! तर तेवीस जणांचे हात, तेवीस नळ्या. मी एकेक तापवत गेलो. पहिली विटकरी. दुसरी विटकरी. दहावी, पंधरावी, विसावी. अहो, मे महिना, कोकण! सकाळ-संध्याकाळ रसात बुडालेली माणसं. बेनेडिक्ट बिचारा करणार काय? प्राचार्यांची नळी तर इतकी लाल झाली की निखाऱ्यासारखी ती मला हातात धरवेना.

एकच नळी निळी राहिली. सामंत सरांची. त्यांना मधुमेह, आंब्याला शिवायचीही बंदी.

“हाच!” टिकेकर सर ओरडले. “सगळ्या गावाचे हात गोड असताना एकाचेच स्वच्छ कसे? हात घासून घासून धुवायची गरज कुणाला पडते? चोराला!”

नाबरबाई हसत होत्या. मग एकदम थांबून म्हणाल्या, “अण्णा, तुमचे हात?”

माझे कसे तपासणार, बाई? नळ्या मीच तापवत होतो. टिकेकर सर म्हणालेच होते, “शंभू, तू नंतर.” पुढे ते नंतर आलंच नाही. सहायकाला कुठे कोण विचारतो?

मग मिस फर्नांडिस आल्या. प्राणिशास्त्राच्या. बाई फार हुशार, बेडूक असा सोलायच्या की बेडकालाही कौतुक वाटावं. त्यांनी सालं भिंगाखाली धरली आणि म्हणाल्या, “दात! सालीवर दातांनी गर ओरबाडल्याच्या खुणा आहेत. पाय खोटं बोलतील, हात खोटं बोलतील, दात कधी नाही.” त्यांनी मेणाच्या वड्या पाडायला सांगितल्या. मी पाडल्या. ताटात घेऊन मी घरोघर प्रसाद वाटावा तशा वाटल्या आणि तेवीस जणांकडून चावून घेतल्या. मराठीच्या कुलकर्ण्यांनी तर चावून गिळलीसुद्धा. त्यांना सूचना नीट कळली नव्हती.

बाई सगळी रात्र दात मोजत बसल्या. सकाळी येऊन म्हणाल्या, “एकही जुळत नाही.”

“भिवाचे?” प्राचार्यांनी विचारलं.

“त्याला पुढचे दोन दातच नाहीत, सर. सालीवर सगळे आहेत.”

झालं, सुटला की भिवा! असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. पण प्राचार्य म्हणाले, “हा एका विभागाचा अहवाल झाला. समितीपुढे सर्व विभागांचा संयुक्त अहवाल हवा. एकमत हवं.”

सात तारखेला दुपारी सभा बसली. मी चहा दिला आणि कोपऱ्यात उभा राहिलो. सामंत म्हणाले, टिकेकर. टिकेकर म्हणाले, सामंत. मिस फर्नांडिस म्हणाल्या, दोघेही नाहीत, तुमच्या दोघांच्या दातांना कीड आहे. वालावलकर सर नुसते उसासे टाकत होते. दोन तास आरडाओरडा झाला. टिकेकरांचं नाव लिहावं तर रसायन विभाग सही करणार नाही, सामंतांचं लिहावं तर पदार्थविज्ञान करणार नाही. आणि मग हळूहळू, कुणी पहिल्यांदा म्हटलं ते कळलंही नाही, पण एका नावावर सगळे आले. त्या नावाला विभागच नव्हता.

मिस फर्नांडिसनी दातांची आठवण करून दिली. “पडलेल्या दातांच्या जागी खोटे लावून नंतर काढून ठेवता येतात,” सामंत म्हणाले. एका माळ्याकडे कवळी! पण सह्या झाल्या. चारही विभागांच्या. दहा वर्षांत पहिल्यांदाच चार विभागांचं एकमत झालं होतं, सगळ्यांच्या तोंडावर समाधान होतं.

बाहेर आलो तर हा भिवा खोपटाची कवाडं उतरवत होता. कवाडं त्याची स्वतःची होती ना. बायको मडकी बांधून पायरीवर बसलेली. आठवतंय ना रे?

भिवाने अडकित्ता खाली ठेवला. “आठवता,” तो म्हणाला.

मग मात्र माझ्याने राहवेना. मी म्हटलं, शंभू, या माणसाला वाचवायचा. आणि वाचवला! कसा, ते ऐका, आणि विश्वास ठेवू नका.

आमच्या आवारात एक म्हातारं माकड होतं. सगळ्यांच्या ओळखीचं, वाचनालयाच्या खिडकीत बसणारं. आठ तारखेला पहाटे मी चंचुपात्र घेऊन त्याच्याकडे गेलो. तळाशी शेंगदाणे, वर पाणी. माकडाने दोन्ही हात घातले, शेंगदाणे काढले. झाले की नाही हात धुऊन? मग उरलेली मेणाची वडी पुढे केली. एक जास्तीची राहिलीच होती ताटात, चोविसावी. माकडाने ती अशी कचकन चावली! मी अदबीने म्हटलं, थँक्यू.

“माकड चावलं नाही तुम्हाला?” नाबरबाईंनी विचारलं.

ओळखीचं होतं, सांगितलं ना! सकाळी आठला मी पात्र आणि वडी घेऊन प्राचार्यांच्या दालनात. टिकेकर सरांनी स्वतः नळी तापवली. विटकरी! अशी विटकरी की कौलारू घर बांधावं. मिस फर्नांडिसनी वडी सालीवर ठेवली, भिंग लावलं, आणि बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “जुळतात! दातन् दात जुळतो!” त्या म्हणाल्या. “पूर्ण वाढ झालेला नर. स्वभावाने लबाड. उजवा सुळा किंचित वाकडा.” आणि तिथेच बसून त्यांनी माकडाच्या दंतरचनेवर चार पानं लिहून काढली. ती पुढे कुठेशी छापूनही आली.

“पण आंब्यावरच्या पिशवीची गाठ?” नाबरबाई पुढे झुकल्या. “मी जुनी फाइल बघितली. ‘गाठ व्यवस्थित सोडलेली आढळली’ असं लिहिलंय. माकडाने गाठ सोडली?”

कॉलेजातलं माकड, बाई. दहा वर्षं वाचनालयाच्या खिडकीत बसलेलं. तेवढं शिक्षण झालं नसेल होय?

असो. आता सामंतांना टिकेकर नकोत, टिकेकरांना सामंत नकोत, प्राचार्यांना वजनाचा विषय नको. माकड सगळ्यांना पसंत पडलं. जुना अहवाल फाडला, नवा लिहिला. अकरा वाजता समिती आली. आणि तिथे वालावलकर सरांनी जे केलं त्याला खरोखर तोड नाही. सर उभे राहिले आणि म्हणाले, “महोदय, फळ माकडाने खाल्लं. सालं सापडली. पण आम्ही दोन दिवस सबंध आवार चाळलं, माती चाळली, गटार उपसलं. बाठा सापडला नाही. का सापडला नाही? कारण तो नव्हताच!”

समितीने टाळ्या वाजवल्या. बाठा नसल्याचा यापेक्षा भक्कम पुरावा त्यांनी आयुष्यात बघितला नव्हता. एम.एस्सी.चं केंद्र मंजूर. सरांचा निबंध मंजूर. भिवाच्या ऑर्डरवरही त्याच दुपारी सही झाली आणि चौथ्या दिवशी त्याला मुलगी झाली. तेव्हापासून ही टोपली.

“आणि कलम?” नाबरबाईंनी विचारलं. “तिथे आता फक्त पाटी आहे.”

कलमाचा तपास झाला ना! त्या दोन दिवसांत टिकेकरांनी साल काढली, चीक तपासायला. मिस फर्नांडिसनी फांद्या नेल्या, नखांच्या खुणा बघायला. सामंतांनी मुळं उघडी केली, जमीन किती दबते ते मोजायला. वालावलकर सरांनी पानं नेली, निबंधासाठी. जूनमध्ये पाऊस पडला तेव्हा तिथे एक काठी उभी होती. त्या काठीला पुढे पाटी ठोकली.

नाबरबाई डोळे पुसत होत्या, हसून हसून. “अण्णा, आठाची बारा पानं करावी लागणार. पण एक सांगा, उगाच आपलं कुतूहल म्हणून. सर फार मोठे होते, मान्य. पण वनस्पतिशास्त्र शिकवताना मला दरवर्षी वाटतं, असा आंबा खरंच असेल? एकच फळ, नंतर कलम मेलं, कुणी चाखलासुद्धा नाही...”

इथे मला राहवलं नाही. पन्नास वर्षं त्या पाटीसमोरून जातोय. सरांनी नऊ वर्षांत मला कधी नावाने हाक मारली नाही, ‘शंभू’ म्हटलं ते फक्त त्या किंकाळीच्या दिवशी. आणि पाटीवर त्यांचं नाव केवढ्या अक्षरांत!

“कसला बिनबाठ्याचा, बाई!” मी म्हणालो. “हा एवढा बाठा होता! अर्धा आंबा बाठाच. वर केस असे की दातांत अडकले तर आठवडाभर निघत नाहीत. आणि देठाकडे चक्क आंबट. माणसाने नऊ वर्षं घालवली आणि रायवळ काढला!”

नाबरबाई खूप हसल्या. मीही हसलो. मांडीवर थाप मारून तिसऱ्या आंब्याला हात घातला, तर टोपली हाताला लागेना.

भिवाने ती पायरीवर, आपल्या गुडघ्याशी ओढून घेतली होती. अडकित्ता मिटून त्याने चंचीत ठेवला, चंची कनवटीला लावली. मग बराच वेळ तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला; डोळ्यांकडे नव्हे, तोंडाकडे, जिथे माझा उजवा सुळा अजून तसाच वाकडा आहे. नाबरबाईंचं हसू थांबलं. स्टुलावरचा मोबाइल चालूच होता.

“शंभूअण्णा,” भिवा म्हणाला, “बाठो होतो, ह्या तुमका त्या माकडान सांगल्यान?”